देवळातलं लग्न, ग्रामपंचायतीचा दाखला आणि कलम पंधरा

मालवण तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरं शेजारी-शेजारी, मध्ये फक्त एक गडगा, म्हणजे दगडी कुंपण. ती हिंदू, तो ख्रिस्ती. पहिलीपासून एका वर्गात, मग एकाच एसटीने हायस्कूल, आणि पुढे जे व्हायचं ते झालं. अकरा वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या एका देवळात भटजींनी लग्न लावलं. महिनाभरात ग्रामपंचायतीत नोंद झाली आणि दाखलाही मिळाला. मुलगी आता आठ वर्षांची आहे. नवरा बोटीवर नोकरीला असतो. तो तीन आठवड्यांपूर्वी घरी आला असून गणपती झाले की पुन्हा जॉईन होणार आहे. दोन वर्षांपूर्वी ताईंचे वडील वारले, आणि आता भाऊ हक्कसोड पत्रावर सही मागतो आहे. त्याचं म्हणणं असं की तू ख्रिश्चनाच्या घरात गेलीस, तुझा वाटा संपला, आणि तुझं लग्न तरी कुठे कायद्याचं आहे? ताई विचारतात, हा म्हणतो ते खरं का?

देवळात लग्न झालंय, दाखला आहे, मग अडचण कसली, असं विचारणारी पत्रं मला सतत येतात. कधी मुलगा ख्रिस्ती असतो, कधी मुसलमान, कधी मुलगी. गावं बदलतात, दाखला तोच असतो.

ताई, तुमचा भाऊ अर्धं खोटं बोलतोय आणि अर्धं खरं. वाट्याचं खोटं आहे. लग्नाचं मात्र खरं आहे, आणि तुम्ही मला विचारलंत ते फक्त वाट्याचं. पत्राचा मोठा भाग तुम्ही लहानपणावर खर्च केलाय. नवरा तेव्हा तुमच्याकडे आरतीला टाळ घेऊन बसायचा, नाताळात त्यांच्या आईने दिलेल्या नेवऱ्या तुम्ही गडग्यावर बसून खायच्यात. वाचायला गोड आहे, पण अर्जात यातलं काहीच उपयोगाचं नाही. उपयोगाची वाक्यं दोनच, आणि ती तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीत: नवरा गणपतीनंतर जाणार, आणि ग्रामपंचायतीच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात मामांनी दोघांनाही ‘हिंदू’ लिहिलं होतं.

हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्याचं कलम ५ सुरू होतं तेच ‘कोणत्याही दोन हिंदूंमधील विवाह’ या शब्दांनी. दोन हिंदू. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती असेल तर भटजी कितीही विद्वान असोत, सप्तपदी कितीही साग्रसंगीत होवो, त्या कायद्याखाली लग्न होतच नाही. सर्वोच्च न्यायालयासमोर आंध्रातलं असंच प्रकरण आलं होतं. नवरा रोमन कॅथलिक, बायको हिंदू, १९९६ साली देवळात लग्न आणि आठवडा-दहा दिवसांत हिंदू विवाह कायद्याखाली रीतसर नोंदणी. डिसेंबर २००८मध्ये न्यायालयाने सांगितलं की हा विवाह वैध नाही, आणि नोंदणी झाली म्हणून तो वैध होत नाही. तुमची गोष्ट याहून वेगळी कुठे आहे, ते मला शोधूनही सापडलं नाही.

ग्रामपंचायतीचा दाखला १९९८च्या महाराष्ट्राच्या कायद्याखालचा असतो. ग्रामसेवक तिथे निबंधक म्हणून तुम्ही दिलेल्या ज्ञापनाची, म्हणजे लग्नाची माहिती भरलेल्या फॉर्मची, नोंद घेतो. नोंद म्हणजे पुरावा, तोही समारंभ झाल्याचा. जे लग्न कायद्याने उभंच राहिलं नाही, ते ग्रामसेवकाच्या शिक्क्याने उभं राहत नाही. तुम्ही लिहिता, ‘लगीन देवासमोर झाला, आता आणखी काय होया?’ देवाची काही हरकत नसेल. हरकत घेणारी माणसं असतात, आणि ती कुणीतरी मेल्यावर घेतात.

ते कसं, हे कडू असलं तरी लिहायला हवं. तुमचे यजमान ख्रिस्ती आहेत, म्हणून मृत्युपत्र न करता त्यांचं काही बरंवाईट झालं तर भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू होतो. त्यात विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश. पण हे विधवेला. तुम्ही विधवाच नाही असं कुणी म्हटलं, तर? मुलीचंही तेच, कारण या कायद्यातल्या ‘अपत्य’ या शब्दाचा अर्थ न्यायालयांनी बहुधा विवाहातलं अपत्य असाच लावला आहे. पत्नी नाही, अपत्य नाही, वडील हयात नाहीत, अशा माणसाची मिळकत आई आणि भावंडांमध्ये सारखी वाटली जाते. तुमच्या सासूबाई आणि दीर असं करणार नाहीत, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसं वाटू दे. पण नुकसानभरपाईचा मोठा आकडा समोर आला की कुठल्या घरात काय होतं, ते मी पाहिलं आहे. सीडीसीवर (बोटीवरच्या नोकरीचं नोंदपुस्तक) आणि कंपनीच्या कागदांवर तुमचं नाव ‘पत्नी’ म्हणून आहे, ते असू द्या. उपयोगाचं आहे, पुरेसं नाही. नॉमिनी म्हणजेही बहुतेक ठिकाणी पैसे हातात घेणारा माणूस. ते पैसे शेवटी कुणाचे, हे वारसा कायदा ठरवतो.

अशा वेळी तुम्हाला पत्नी ठरवून घेण्यासाठी दिवाणी दावा लावावा लागेल. तो निकाली निघेपर्यंत तुमची मुलगी कॉलेजात गेलेली असेल. त्यावर अपील झालं, तर तिचंही लग्न होऊन जाईल.

आता मुद्द्याचं. विशेष विवाह कायदा १९५४, कलम १५. बहुतेकांना या कायद्याचा एकच दरवाजा माहीत असतो: नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, मग विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करायचं. दुसरा दरवाजा म्हणजे हे कलम १५. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने विवाहसमारंभ झालेला असेल, तर तो या कायद्याखाली नोंदवून घेता येतो. समारंभ आधीच्या कायद्याने वैध होता का, हे कलम विचारत नाही. ते विचारतं की समारंभ झाला का, आणि तेव्हापासून दोघे पती-पत्नी म्हणून एकत्र राहताहेत का. बाकीच्या अटी, म्हणजे दुसरा जोडीदार हयात नसणं, दोघांचीही एकवीस पूर्ण असणं, निषिद्ध नातं नसणं, या तुमच्याबाबतीत प्रश्न नाहीत.

आणि या दरवाजातून गेल्यावर जे मिळतं, ते कलम १८मध्ये आहे. नोंद झाली की त्या तारखेपासून तुमचा विवाह विशेष विवाह कायद्याखालचा समजला जातो. शिवाय समारंभाच्या तारखेनंतर जन्मलेली मुलं पहिल्यापासूनच औरस होती असं मानलं जातं. फक्त त्या मुलांची नावंही विवाह प्रमाणपत्र पुस्तकात नोंदलेली असायला हवीत. हे शेवटचं वाक्य लोक वाचत नाहीत. अर्ज करतात, सह्या करतात, फोटो काढतात, पेढे वाटतात आणि मुलाचं नाव घालायचं राहून जातं. ताई, अर्जात मुलीचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याप्रमाणे लिहा. नोंदवहीत ती उतरली की नाही, ते सही करण्याआधी डोळ्यांनी बघा. अधिकारी घाईत असेल तर असू दे.

याचसाठी मी तुम्हाला नव्याने लग्न करा असं पहिल्या फटक्यात सांगत नाही. नवं लग्न केलंत, मग ते विवाह अधिकाऱ्यासमोर असो की चर्चमध्ये धर्मगुरूंच्या परवानगीने असो, ते त्या दिवसापासूनचं. आठ वर्षांपूर्वी जन्मलेल्या मुलीला त्याचा कलम १८सारखा आधार मिळत नाही. कुणी तुम्हाला असंही सुचवेल की यजमानांना आता हिंदू करून घ्या, म्हणजे जुनं लग्न चालेल. चालणार नाही. आजचं धर्मांतर अकरा वर्षं मागे जात नाही.

आता दिवस मोजू. कलम १५ म्हणतं की अर्जाच्या तारखेआधी किमान तीस दिवस दोघेही त्या विवाह अधिकाऱ्याच्या जिल्ह्यात राहत असले पाहिजेत. दोघेही. नव्या लग्नाच्या नोटिशीला दोघांपैकी एकाचा रहिवास चालतो, इथे नाही. यजमान तीन आठवड्यांपूर्वी आलेत. बोटीवरच्या माणसाचं घर म्हणजेच त्याचा रहिवास, असा युक्तिवाद मी करू शकते, आणि कदाचित तो मान्यही होईल. पण तो वाद टेबलावर घालण्यापेक्षा उरलेले नऊ दिवस थांबा आणि दहाव्या दिवशी अर्ज द्या. त्यानंतर जाहीर नोटीस आणि हरकतींसाठी तीस दिवस. म्हणजे आजपासून साधारण चाळीस दिवस, तेही सगळं सुरळीत झालं तर. तुमच्या हातात गणपतीपर्यंत अडीच महिने आहेत. भरपूर वाटतात. ते नाहीत. अर्जात एखादी चूक निघेल, एखादा कागद कमी पडेल, अधिकारी रजेवर असेल, आणि गणपतीच्या आठवड्यात कोकणात कुठल्या खुर्चीत माणूस सापडतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गणपतीच्या आधी संपवा.

दोन्ही टोकांना यजमान इथे हवेत. अर्जावर दोघांच्या सह्या लागतात, आणि शेवटी प्रमाणपत्रावरही दोघांच्या आणि तीन साक्षीदारांच्या. मध्येच कंपनीचा फोन आला, ‘रिलीव्हर मिळत नाही, पुढच्या आठवड्यात या,’ तर त्यांनी जॉइनिंग पुढे ढकलावं. सह्या राहिल्या तर पुढचा मुहूर्त नऊ महिन्यांनी. अकरा वर्षांत ते किती वेळा घरी आले असतील? त्यातल्या कुठल्याही एका सुट्टीत हे झालं असतं. इतकं बोलून मी गप्प बसते.

गप्प बसण्यापूर्वी कायद्यालाही दोष देते. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही विशेष विवाह कायद्याकडे गेला नाहीत, कारण कार्यालयाच्या फलकावर महिनाभर नाव लागेल आणि दोन्ही घरांत आग लागेल, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं. ते खरंच होतं. या नोटिशीच्या भीतीने कितीतरी जोडपी देवळाच्या वाटेला लागतात आणि नंतर माझ्याकडे येतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ साली म्हटलं की नव्या लग्नाची नोटीस जाहीर करायची की नाही, हे जोडप्याच्या इच्छेवर असावं. तो निकाल आपल्याकडे बांधील नाही आणि कलम १५वर तर तो नव्हेच, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. नोटीस लागेल, गावाला कळेल. पण गावाला अकरा वर्षं माहीत आहेच की तुम्ही नवरा-बायको आहात. आता लपवायचं काय उरलं?

भाऊ हरकत घेईल का? घेईल असं धरून चाला. धर्म, जात, घराण्याची अब्रू या हरकती नाहीतच. अधिकाऱ्याने बघायचं ते कलम १५च्या अटी पूर्ण होतात की नाही एवढंच. तुमच्या भावाला खरी हरकत एकच सापडू शकते: ‘तेव्हापासून एकत्र राहत आहेत’ हे खोटं आहे. तो म्हणेल, नवरा नऊ नऊ महिने बोटीवर असतो, आणि ही बाळंतपणानंतर सात महिने आमच्याकडे होती. नोकरीसाठी लांब असणं म्हणजे वेगळं राहणं नव्हे, आणि बाळंतपणाला माहेरी जाणं तर नव्हेच, त्यातही तुमचं माहेर गडग्यापलीकडे. यात मला धोका कमी दिसतो. पण धोका कमी आहे म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नका. रेशन कार्ड, जॉइंट खातं, दर महिन्याला बोटीवरून तुमच्या खात्यात आलेली अलॉटमेंट, म्हणजे पगारातली रक्कम, मुलीचा जन्मदाखला, शाळेतली नोंद, गॅसचं पुस्तक, मतदार यादी असं जे काही एका पत्त्यावर दोघांची नावं दाखवतं, ते सगळं एका फायलीत लावा. मधल्या काळात भांडून वेगळं राहण्याचा एखादा प्रसंग झाला असेल, तर तो मला आत्ता सांगा. सुनावणीत भावाच्या तोंडून मला तो ऐकायचा नाही.

अधिकाऱ्याने नकार दिला तर जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस असतात. काही अधिकारी कलम १५ला नाक मुरडतात आणि ‘त्यापेक्षा नवीन लग्नच करा ना’ म्हणतात. तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की बऱ्याचदा नकार मवाळ होतो.

मामांच्या ‘हिंदू’चं काय? कलम १५च्या अर्जात खरं लिहा: यजमान ख्रिस्ती, तुम्ही हिंदू. जुन्या नोंदीबद्दल विचारलं तर प्रतिज्ञापत्र करून सांगा की फॉर्म दुसऱ्याने भरला आणि तिथे चूक झाली. चुकीची माहिती दिल्याबद्दल १९९८च्या त्या कायद्यात दंड आहे. अकरा वर्षांनी कुणी तो उकरून काढील असं मला वाटत नाही, पण हमी देत नाही. एक मात्र नक्की करू नका, जुना कागद वाचवण्यासाठी नव्या कागदावर खोटं लिहू नका. गंमत अशी की तोच दाखला आता तुमच्या कामाचा आहे. विवाह सिद्ध करायला नाही, तर समारंभ कुठल्या तारखेला झाला आणि मुलगी त्यानंतर जन्मली हे दाखवायला. देवळाची पावती, फोटो आणि त्या दिवशी हजर असलेली दोन-तीन माणसं जोडीला असू द्या. भटजी हयात असतील तर त्यांचं प्रतिज्ञापत्र उत्तम.

वेळेत जमलंच नाही, तर नाइलाजाने पहिला दरवाजा. त्याला तुमचा एकटीचा रहिवास पुरतो, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावावं लागतं. मुलीची बाजू मग मृत्युपत्राने सांभाळावी लागेल. दोन्ही अर्ज एकदम टाकून मोकळं होण्याचा सल्ला कुणी देईल. मी देत नाही. एका अर्जात लग्न झालंय म्हणायचं आणि दुसऱ्यात व्हायचंय म्हणायचं, हे हरकत घेणाऱ्याला आयतं सापडतं.

वाट्याविषयी थोडंच लिहिते, कारण सातबारा आणि फेरफार पाहिल्याशिवाय जास्त बोलणं म्हणजे हवेत गोळीबार. ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं म्हणून हिंदू मुलीचा वडिलांच्या मिळकतीतला हक्क जात नाही. तुम्ही तर धर्मही बदललेला नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार आहे, आणि वडील तेव्हा हयात असायला हवेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये स्पष्ट केलंय. वडिलांची स्वकष्टार्जित असेल तर आई, भाऊ, तुम्ही सारखे वारस. विशेष विवाह कायद्याचं कलम १९ मात्र तुमच्या भावाला कुणीतरी वाचून दाखवेल. त्यात म्हटलंय की या कायद्याखाली लग्न करणारा हिंदू सदस्य एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं समजावं. विभक्त म्हणजे वाटा वेगळा झाला. वाटा बुडाला असा त्याचा अर्थ नाही. आंब्याच्या कलमांच्या बागेचं पीक सध्या भाऊ एकटा घेतोय, त्याचा हिशोब मागायचा की नाही, हे पुढचं. हक्कसोड पत्रावर सही करू नका, आणि तलाठ्याकडे वारस नोंदीत तुमचं नाव लागलंय का ते बघा. ही भानगड एक वर्ष थांबली तर काही बिघडत नाही. लग्नाची नोंद थांबणार नाही.

राहिलं मृत्युपत्र. यजमानांनी ते याच आठवड्यात करावं. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते, म्हणजे तुम्ही, साक्षीदार नकोत. ‘माझी पत्नी’, ‘माझी मुलगी’ एवढ्यावर थांबू नका. दोघींची पूर्ण नावं, जन्मतारखा, पत्ता लिहा, म्हणजे उद्या नात्यावर वाद झाला तरी माणूस कोण, यावर होणार नाही. पण इथे एक खोच आहे आणि चांगले चांगले वकील ती विसरतात. भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६९: मृत्युपत्र करणाऱ्याने लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. हिंदूंना हे लागू नाही, ख्रिस्ती माणसाला आहे. कलम १५ची नोंद म्हणजे या कलमापुरतं नवं लग्न धरायचं की नाही, यावर वाद घालता येईल. तो तुमच्या मुलीच्या खर्चाने घालायला नको. म्हणून आज एक मृत्युपत्र करा, आणि प्रमाणपत्र हातात पडलं की तेच पुन्हा नव्या तारखेने, नव्या सह्यांनी करा. यजमान बोटीवर चढण्यापूर्वी दुसरं झालेलं हवं.

तुमच्या जिल्ह्याचे विवाह अधिकारी कुठे बसतात, ते जवळच्या दुय्यम निबंधक कार्यालयात कळेल. उद्याच जाऊन फॉर्म आणि कागदांची यादी घेऊन या. अर्ज भरून झाला की देण्याआधी मला एकदा दाखवा, विशेषतः मुलीच्या नावाचा रकाना.